बेस आला की बूफरचा ॲम्प बंद पडतो: ॲम्प बदलण्याआधी मीटर लावा

गाडीत बूफर (खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर) आणि तो चालवणारा ॲम्प (ॲम्प्लिफायर) बसवला की तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. कमी आवाजात सगळं व्यवस्थित. आवाज चढवला आणि गाण्यात खालचा बेस आला की ॲम्पवरचा निळा किंवा हिरवा लाइट जाऊन लाल लागतो, बूफर गप्प होतो आणि दोन-चार सेकंदांनी आपोआप परत सुरू होतो. यावर ठरलेला उपाय म्हणजे ॲम्प बदलणं. नवा ॲम्पही तेच करतो, मग कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा डबा) बसवला जातो, मग मोठी बॅटरी. एवढं सगळं करूनही खर्च कुठे चुकला हे कळत नाही, कारण या सगळ्यात मीटर कोणी लावलेलाच नसतो.

लाल लाइट म्हणजे ॲम्प खराब असं नाही. ॲम्पने स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवलंय, एवढाच त्याचा अर्थ. थांबण्याची कारणं मोजकी असतात: व्होल्ट कमी मिळाले, बूफरचा लोड (ॲम्पला दिसणारे ओहम) चुकीचा आहे, आतून तापला, किंवा खरंच आतला पार्ट गेला. बहुतेक ॲम्प दहा-साडेदहा व्होल्टच्या खाली गेले की बंद होतात. शेतातल्या मोटरला डीपीपासून लांब आणि बारीक केबल ओढली की स्टार्टर ट्रिप होतो ना, इथेही तेच घडतं. फक्त २३० च्या जागी १२ व्होल्ट असल्याने एक-दीड व्होल्टची गळतीही महागात पडते.

आधी तीन रीडिंग

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. फोनमध्ये ५० हर्ट्झचा सलग टोन घ्या. गाण्यावर मोजू नका. बेसचा ठोका इतका लहान असतो की मीटर तो पकडत नाही आणि आकडा ठीकच दिसतो. गाडी चालू, एसी बंद, टोन लावा आणि नेहमी जिथे ॲम्प बंद पडतो त्याच्या जरा खालपर्यंत आवाज न्या. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त वाजवू नका, सलग टोनने बूफरची कॉइल तापते.

टोन चालू असताना बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मोजा. मग ॲम्पच्या पॉवर आणि ग्राउंडच्या स्क्रूवर मोजा. प्रोब स्क्रूच्या डोक्यावरच टेकवायचा, वायरच्या थिंबलवर (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) नाही; कधी कधी दोष त्या दोघांच्या मध्येच असतो.

बॅटरीवर १३.५ आणि ॲम्पवर ११ आले, तर व्होल्ट वाटेत पडतायत, म्हणजे काम वायर आणि अर्थिंगचं (ॲम्पचं ग्राउंड गाडीच्या पत्र्याला जिथे जोडलंय ते). बॅटरीवरच १२ च्या खाली आले, तर बॅटरी किंवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून चार्जिंग करणारा) कमी पडतोय. ॲम्पवर १३ पेक्षा जास्त आहेत आणि तरीही लाल, तर लोड, उष्णता किंवा ॲम्प स्वतः. पुढचं सगळं या तिठ्यावर अवलंबून आहे. यातली पहिली वाट सर्वांत जास्त वेळा निघते.

वाटेत पडणारे व्होल्ट: अर्थिंग

आता तिसरं रीडिंग. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल प्रोब ॲम्पच्या ग्राउंड स्क्रूवर. मीटरची वायर पुरत नसेल तर कसलीही बारीक वायर जोडून लांब करा, मीटरमधून करंट नगण्य जातो त्यामुळे फरक पडत नाही. टोन चालू असताना ०.२ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ॲम्पच्या पॉवर स्क्रूपर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत.

समजा अर्थिंगच्या बाजूला १.६ व्होल्ट दिसले आणि ॲम्प ४५ अँपिअर ओढतोय. १.६ भागिले ४५ म्हणजे जेमतेम ०.०३५ ओहम. एवढासा अडथळा मीटरच्या बीपवर कळत नाही. बीप काही दहा ओहमपर्यंतही वाजतो, आणि ओहमच्या रेंजवर मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ दाखवतात. म्हणून ‘बीप वाजतोय, अर्थिंग ओके आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. लोडवर पडलेले व्होल्ट हीच अर्थिंगची खरी परीक्षा. शिवाय १.६ गुणिले ४५ म्हणजे ७२ वॅट, आणि तेवढी उष्णता त्या एका बोल्टवर तयार होत असते. जोरात वाजवून झाल्यावर अर्थिंगच्या बोल्टला हात लावा, गरम लागला तर दुखणं तिथेच आहे.

अर्थिंग वाईट का होतं? डिकीच्या पातळ पत्र्यात सेल्फ स्क्रू मारलेला असतो, किंवा रंगावरच थिंबल बसवलेलं असतं. स्क्रूच्या दोन-तीन आट्यांनाच धातू लागतो. योग्य पद्धत अशी: जाड पत्र्यातला ८ एमएमचा बोल्ट शोधा किंवा आरपार भोक पाडून नट-बोल्ट घाला. रुपयाच्या नाण्याहून मोठ्या जागेवरचा रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. थिंबल थेट पत्र्याला लागेल असं ठेवा, वर दातेरी वॉशर, मग नट. घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा, आधी नाही. वायर पॉवरच्या वायरएवढीच जाड आणि दीड फुटाच्या आत.

सीट बेल्टचा बोल्ट सोयीचा दिसतो, त्याला हात लावू नका. अपघातात माणसाचं वजन तोच धरतो. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा: बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, आणि ब्रेकच्या नळ्याही तिथूनच जातात. पुढच्या सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या सर्किटचे. ते सोडवायचे नाहीत.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांचा प्रकार वेगळा आहे, आणि पाटण, जत, आटपाडीकडे अशा गाड्या भरपूर. यांची बॉडी चासीवर (खालच्या लोखंडी चौकटीवर) रबराच्या माउंटवर बसलेली असते. रबर करंट नेत नाही, दोघांना जोडणारी फक्त कंपनीची अर्थिंग पट्टी असते. ॲम्पचं अर्थिंग बॉडीला आणि बॅटरीचं चासीला असेल तर ॲम्पचा सगळा करंट त्या पट्टीतून जातो. या गाड्यांत बॅटरी निगेटिव्हपासून चासी आणि चासीपासून बॉडी, अशा दोन २५ स्क्वेअर एमएमच्या वायरी वेगळ्या टाकल्याशिवाय त्रास संपत नाही.

एक सावधगिरी जुन्या गाडी बाजारातल्या गाड्यांसाठी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात सांगली, कराड भागात कित्येक गाड्या पाण्यात होत्या, त्यातल्या काही पुढे स्वस्तात विकल्या गेल्या. कार्पेट उचलून बघा. बोल्टभोवती पिवळसर गाळ किंवा गंज असेल तर कंपनीचे सगळे अर्थिंग पॉइंट सोडवून घासल्याशिवाय ॲम्पच्या वायरिंगला हात घालण्यात अर्थ नाही.

कंपनीची निगेटिव्ह वायर कंपनीच्या लोडपुरतीच असते. ४०-५० अँपिअरचा ॲम्प जोडल्यावर बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी अशी आणखी एक जाड वायर टाकणं हा सर्वांत स्वस्त आणि हमखास उपाय. नव्या गाड्यांत निगेटिव्ह खांबावर छोटा सेन्सरचा डबा असतो. नवी वायर थेट खांबाला न लावता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला लावा. नाहीतर ॲम्पचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो.

पॉवरची वायर

बाजारात मिळणाऱ्या ॲम्पच्या स्वस्त वायरिंग किटवर ‘४ गेज’ छापलेलं असतं, पण जाडी प्लास्टिकची असते. खऱ्या ४ गेजमध्ये २१ स्क्वेअर एमएम तांबं असतं. त्यातही बहुतेक किटमधली तार म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. एक बारीक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की समजा. अशी वायर तांब्याच्या तुलनेत साधारण दीडपट अडथळा करते.

आकडे बघा. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर, करंट ४५ अँपिअर. २५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत ०.१८ व्होल्ट पडतात. मुलामा दिलेल्या ८ गेजमध्ये जवळपास पाऊण व्होल्ट. फक्त वायरीत.

ब्रँडेड किट परवडत नसेल तर वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तांब्याची २५ स्क्वेअर एमएम वेल्डिंग केबल मागा. मऊ असते, वळते आणि गेजमध्ये फसवणूक होत नाही. ती ॲल्युमिनियमचीही येते, म्हणून ब्लेडची परीक्षा तिथेही करा. रबराचं आवरण ऑइलने खराब होतं, त्यामुळे इंजिनच्या भागात वरून फ्लेक्झिबल पाइप घाला. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) नेताना कंपनीचं रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारी रिंग) शोधा. उघड्या पत्र्याच्या धारेवरून नेलेली वायर खड्ड्यांच्या रस्त्यावर घासून घासून कधीतरी शॉर्ट होतेच.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. त्याच्या अलीकडची वायर शॉर्ट झाली तर आग थांबवायला काहीच नाही, म्हणून अंतर जितकं कमी तितकं बरं. ॲम्पवरच्या फ्यूजांची बेरीज ६० असेल तर ६० किंवा ८० अँपिअरचा एएनएल (बोल्टने आवळायचा पट्टीचा) फ्यूज, तोही वायर २५ स्क्वेअर एमएमची असेल तरच. काचेच्या नळीचा फ्यूज टाळा. त्याची टोपणं होल्डरमध्ये सैल होतात, तापतात, फ्यूज न उडताच प्लास्टिक वितळतं. टोन चालू असताना होल्डरच्या दोन टोकांवर मीटर लावा. ०.१ पेक्षा जास्त आलं तर होल्डर बदला.

थिंबल हातोडीने ठोकून बसवू नका. हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीन बहुतेक पॅनेल बनवणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे असतं, पाच मिनिटांचं काम आहे. वर हीट श्रिंक स्लीव्ह. इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात बोनेटखाली सुटते.

बॅटरीवरच व्होल्ट कमी असतील तर

आधी ॲम्प खरंच किती ओढतो ते काढा. डब्यावरचे ३००० वॅट विसरून जा, फ्यूज बघा. ३० चे दोन फ्यूज म्हणजे ६० अँपिअर, गुणिले १३.८, म्हणजे आत जाणारे जास्तीत जास्त ८२८ वॅट. क्लास डी ॲम्प त्यातले ८० टक्के बाहेर देतो असं धरलं तरी साडेसहाशे. क्लास एबी असेल तर निम्म्याच्या थोडं वर. छापील आकड्यापेक्षा फ्यूजवरचा आकडा विश्वासाचा.

लहान पेट्रोल गाड्यांचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा असतो, तोही पूर्ण आरपीएमला. आयडलला बराच कमी. म्हणून सांगलीत विश्रामबागच्या सिग्नलला उभं असताना ॲम्प बंद पडतो आणि मिरज रोडला गाडी पळायला लागली की तोच ॲम्प सरळ चालतो, असं असेल तर संशय अल्टरनेटरच्या क्षमतेवर. रात्री हेडलाइट आणि एसी चालू असताना त्रास वाढत असेल तर खात्रीच.

बॅटरी बंद गाडीत रात्रभर ठेवून सकाळी मोजा: १२.६ च्या आसपास हवी. १२.२ किंवा त्याखाली असेल तर आधी चार्ज करून तपासून घ्या. खांबांवर पांढरा-हिरवा थर असेल तर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडं करा, क्लॅम्प आवळा, वर व्हॅसलीन. अल्टरनेटर पॉझिटिव्ह ते बॅटरी पॉझिटिव्ह, इंजिन ते चासी आणि बॅटरी निगेटिव्ह ते चासी या तीन वायरी जाड केल्या की हेडलाइटचा लुकलुकाट बऱ्यापैकी थांबतो. अल्टरनेटरकडच्या पॉझिटिव्ह वायरलाही तिच्या क्षमतेचा फ्यूज हवाच.

कपॅसिटरबद्दल. १ फॅरडचा कपॅसिटर १३.८ वरून १२.८ व्होल्टपर्यंत उतरताना साधारण १३ ज्यूल देतो. ५०० वॅटचा लोड ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपवतो. पुढे तोच बॅटरीकडून करंट मागायला लागतो. लाइट आणि आकडे असलेला डबा दिसायला छान, पण तेवढ्या पैशात २५ स्क्वेअर एमएमची वायर येते.

व्होल्ट पूर्ण आहेत, तरीही लाल

इथे बहुतेक वेळा ओहमची चूक सापडते. टू चॅनल ॲम्प ब्रिज करून (दोन्ही चॅनल मिळून एकच बूफर चालवून) वापरता तेव्हा प्रत्येक चॅनलला लोड निम्मा दिसतो. म्हणून बहुतेक ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. आणि बूफर असतो दोन ४ ओहम कॉइलचा. दोन्ही कॉइल पॅरलल केल्या की २ ओहम. कमी आवाजात चालतो, चढवला की बंद. त्याच कॉइल सीरिजमध्ये केल्या तर ८ ओहम, ॲम्प सुखात, आवाज मात्र कमी. असे दोन बूफर असतील तर १ किंवा ४ ओहमच काढता येतात (१६ सोडून द्या), २ ओहम कुठल्याच जोडणीत निघत नाही. त्यामुळे बूफर घेण्याआधी ॲम्पचा किमान ओहम बघायचा, नंतर नाही.

ॲम्पकडची स्पीकर वायर सोडून मीटरने मोजा. ४ ओहमचा लोड ३.२ ते ३.६ दाखवतो, २ ओहमचा १.६ ते १.९. आकडा बूफरच्या कोनवर (पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) हलकेच दाबताना उडत असेल तर कॉइल घासतेय किंवा आतली तार तुटायला आलीय. मग एक प्रोब स्पीकर वायरला, दुसरा बॉडीच्या उघड्या पत्र्याला. काहीच दाखवता कामा नये. सीटच्या रेलखाली दबलेली वायर इथे पकडली जाते.

उष्णता ओळखणं सोपं: ॲम्प वीस-तीस मिनिटांनी बंद पडतो, परत यायला सेकंद नाही तर मिनिटं लागतात, आणि हीट सिंकला हात ठेववत नाही. सीटखाली मॅटमध्ये दाबलेला ॲम्प मे महिन्यात सांगलीच्या उन्हात उभ्या गाडीत असाच वागणार. चारही बाजूंनी दोन बोटं मोकळी जागा हवी. बूफरच्या पेटीवर ॲम्प बसवणं तर टाळाच, हादऱ्याने टर्मिनलचे स्क्रू ढिले होतात आणि आपण परत अर्थिंगपाशी येतो.

गेन (ॲम्पवरची, डेकचा सिग्नल जुळवायची नॉब) हा आवाजाचा खटका नव्हे. बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, स्पीकर वायर सुटलेली, डेकचा (गाडीतल्या स्टिरिओचा) आवाज तीन-चतुर्थांश. ५० हर्ट्झचा टोन लावून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन हळू वाढवा. किती व्होल्टपर्यंत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट ४ ओहमला ३४.६ व्होल्ट, ५०० वॅट २ ओहमला ३१.६. वॅट आरएमएस (सलग देता येणारे, डब्यावरचे कमाल नव्हेत) धरायचे. लो पास (त्यावरचा आवाज कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झ. पोर्टेड (हवेचं भोक असलेली) पेटी असेल तर सबसोनिक (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) २५-३० ला. बेस बूस्ट १२ डेसिबलला नेला की त्या फ्रीक्वेन्सीला १६ पट पॉवर मागितली जाते, मग कुठलंच अर्थिंग पुरत नाही.

लाल लाइट न लागताच पूर्ण बंद

ही रिमोट वायरची गोष्ट, म्हणजे ॲम्पला चालू होण्याचा इशारा देणाऱ्या बारीक वायरची. टोन चालू असताना रिमोट टर्मिनलवर मोजा, आकडा पॉवर टर्मिनलच्या आसपास हवा. डेकमागे निळी वायर ॲंटेनाची आणि निळी-पांढरी ॲम्पची असते. काही डेकमध्ये निळी फक्त रेडिओला करंट देते, यूएसबी लावला की ॲम्प गेला. कंपनी स्टिरिओ असेल तर रिमोट चावीवर चालू होणाऱ्या फ्यूजवरून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून घ्या. थेट बॅटरीवर जोडलेला रिमोट म्हणजे सकाळी धक्का स्टार्ट.

इंजिनबरोबर चढणारी शिट्टी

आरसीए केबल (डेकमधून ॲम्पला सिग्नल नेणारी) ॲम्पमधून काढा. शिट्टी थांबली तर ती डेक किंवा केबलकडून येतेय. पॉवर वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने नेलेली हवी. तरीही असेल तर आरसीएची बाहेरची कडी आणि डेकची धातूची बॉडी यांच्यात ओहम मोजा. साध्या डेकमध्ये जवळपास शून्य यायला हवं. उघडं दाखवत असेल तर डेकमधला बारीक ग्राउंड जळलाय. तो जळतो कारण ॲम्पचं अर्थिंग सैल असताना करंट परतीची वाट आरसीएच्या जाळीतून शोधतो. म्हणून गाडीत काम करताना आधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, आणि ॲम्पचं अर्थिंग सर्वांत आधी जोडा, सर्वांत शेवटी काढा. डेकच्या बॉडीपासून आरसीएच्या कडीला छोटी वायर सोल्डर केली की बहुधा शिट्टी जाते.

ॲम्प खरंच गेलाय का

स्पीकर वायर आणि आरसीए, दोन्ही काढा. फक्त पॉवर, ग्राउंड, रिमोट ठेवा. तरीही लगेच लाल लागला तर आतला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. ॲम्प दुरुस्तीला द्या आणि वरचे आकडे कागदावर लिहून सोबत द्या, कारण वायरिंगमुळे गेलेला ॲम्प दुरुस्त होऊन आला की परत त्याच वायरिंगवर बसणार आहे. पॉवर जोडताच फ्यूज उडत असेल तर दोन शक्यता: आत शॉर्ट, किंवा कधीतरी उलटी बॅटरी लागून संरक्षणाचा डायोड गेलाय. फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालून तपासू नका, आतल्या बोर्डावरचा ट्रॅकच जळतो आणि मग दुरुस्तीही होत नाही.